तात्यानं शेवट ऐकलाच नाही

प्रश्न: 'छावा' किंवा 'चंद्रमुखी' पाहून आलेले लोक 'पुस्तकात असं नव्हतं' म्हणून भांडतात. कादंबरीवर सिनेमा काढताना दिग्दर्शकाला गोष्ट आणि शेवट बदलायचा अधिकार असतो का? आणि ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनी सिनेमा बघावा का?

दुसऱ्याचं आधी सांगतो. बघावा. पुस्तक वाचलंय म्हणून सिनेमा न बघणं हा मला नुसता ताठा वाटतो.

पहिल्या प्रश्नावर मी आणि माझा थोरला भाऊ २०१० पासून भांडतोय, त्यामुळे जरा लांबेल.

'छावा'चा वाद वेगळा आहे. शिवाजी सावंतांच्या कादंबरीत शंभूराजांचं बालपण पानंच्या पानं आहे. सिनेमा थोरल्या महाराजांच्या निधनानंतर सुरू होतो आणि थेट बुऱ्हाणपूरच्या छाप्यावर जातो. ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावर गदारोळ झाला, ते काढावं लागलं. पण शेवट? १६८९ साली काय झालं ते कुणाच्या हातात नाही. तिथं फक्त काय घेतलं, काय गाळलं एवढंच भांडण आहे, आणि अडीच-तीन तासांत गाळावं लागणारच. खरा प्रश्न येतो तो शेवट लेखकानं ठरवलेला असतो तेव्हा. म्हणून मी 'नटरंग'बद्दल बोलणार आहे.

ती कादंबरी लिहिणारे आनंद यादव कोल्हापूरजवळच्या कागलचे. आमचं गाव तिथून एस.टी.नं अर्ध्या तासावर. कादंबरीचा नायक गुणा मांगवाड्यातला, आम्हीही मांगवाड्यातले. हलगी आमच्या घरात पिढीजात. आणि माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ, ज्याला आम्ही सगळे तात्या म्हणायचो, तो अकरा वर्षं तमाशाच्या एका फडात नाच्या होता, म्हणजे बायकी हावभाव करत नाचणारा पुरुष.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी मला एवढंच दिसायचं की तात्या फार ताठ चालतो. खांदे अवघडलेले, हात अंगाला चिकटलेले, जणू काही डोक्यावर घागर आहे. मला वाटायचं याची कंबर धरलीय. बारावीत असताना तालुक्याच्या वाचनालयातून 'नटरंग' आणली, दोन रात्रींत वाचली आणि आईला विचारलं, तेव्हा तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, तात्याला तीन ठिकाणचे पाहुणे बघायला आले होते, तिन्ही परत गेले. ज्या चालीवर अकरा वर्षं शिट्ट्या पडल्या, ती चाल अंगातून काढायला तात्यानं बाकीचा जन्म घालवला होता.

ज्यांना तमाशा फक्त टीव्हीवर ठाऊक आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. फडात सोंगाड्याला हशा मिळतो, राजाला टाळ्या मिळतात, नाचणाऱ्या बाईला दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी उधळलेले पैसे, मिळतात. नाच्याला मिळतं ते हसू गावात त्याच्या मागोमाग घरापर्यंत येतं. कोल्हापूरचेच गणपत पाटील सिनेमात नाच्या करायचे, संसारी माणूस, मुलाबाळांचा बाप. त्यांनाही पडद्यावरच्या त्या सोंगापायी आयुष्यभर टोमणे खावे लागले. नटाची ही गत, मग गावातल्या माणसाची काय होत असेल?

१ जानेवारी २०१० ला या कादंबरीवरचा रवी जाधवांचा 'नटरंग' सिनेमा लागला. दुसऱ्या आठवड्यात मी भोसरीहून सुट्टी टाकून गावी गेलो आणि दादा नि मी तात्याला घेऊन कोल्हापूरला गेलो. तात्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. कसला सिनेमा ते आम्ही त्याला सांगितलंच नाही, फक्त तमाशाचा आहे म्हणालो. नवं धोतर नेसून आला.

'वाजले की बारा'ला थेटरात नाणी उडाली. तात्या बाईकडे बघतच नव्हता, ढोलकीकडे बघत होता, आणि त्याचा उजवा पंजा गुडघ्यावर ठेका धरत होता. पंधरा-वीस मिनिटं धरला असेल. मग गुणा, ज्याला राजा व्हायचं होतं, फड मोडू नये म्हणून नाच्या व्हायला तयार होतो, आणि तो पंजा थांबला. अतुल कुलकर्णींनी सुरुवातीच्या पैलवान गुणासाठी अंग कमावलं होतं आणि नाच्यासाठी ते उतरवलं होतं. सगळं थेटर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, तात्या पुढं वाकून पायांकडे बघत होता. एकदाच माझ्या कानाशी लागून म्हणाला, "पाय बराबर टाकतोय."

पुढचं ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. गुणाची विटंबना होते, घरचे तोडतात. आणि तरीही सिनेमा संपतो तो सत्कारावर. म्हातारा गुणा, जीवनगौरव, टाळ्या. मधली सगळी वर्षं भर्रकन निघून जातात. कादंबरीत हे नाही. यादव गुणाला सत्काराच्या कुठल्याही मंचावर नेत नाहीत. गुणाच्या अंगावरची जातही पुस्तक एका पानापुरतीसुद्धा विसरू देत नाही. सिनेमातून बाहेर पडताना तो एक गरीब, हौशी शेतमजूर म्हणून लक्षात राहतो. माझ्या मते हे दोन्ही बदल एकाच कारणानं झालेत. प्रेक्षकाला हलक्या मनानं घरी पाठवायचं होतं.

दिवे लागले तेव्हा दादा रडत होता. मी चिडलो होतो. परतीच्या एस.टी.त तात्या खिडकीशी बसला. शहर मागं पडेपर्यंत गप्प. मग विचारलं, "ते शेवटाला शाल घालत्यात, ते खरं असतंय काय?"

दादा म्हणाला, "असतंय की. सरकार देतंय. विठाबाईंच्या नावानं बक्षीस हाय."

दादा खोटं बोलला नव्हता. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे आणि तमाशातल्या माणसांना तो मिळतो. वृद्ध कलावंतांना मानधनाची योजनाही आहे. पण त्या एका उत्तरानं पुढं जे झालं त्यावर आमचं आजतागायत एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. आत घुंगरांचे दोन चाळ होते, चामडं वाळून तडकलेलं. एक गुलाबी रुमाल, घडीवर विरलेला. पावडरचा डबा, त्यात आता सुई-दोरा. तात्यानं घुंगरं खोबरेल लावून पुसली, एकेक. चार दिवसांनी पारावर बसून, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाला की मी तमाशात होतो, नाच्या होतो. पन्नास वर्षं गावाला माहीत होतं आणि पन्नास वर्षं तो बोलला नव्हता. पोरं त्याला 'ते पाऊल दाखव' म्हणायला लागली आणि एकदा त्यानं दाखवलं. मी नव्हतो तेव्हा, दादानं फोनवर सांगितलं. दादा म्हणतो, तात्याचे सगळ्यात चांगले तीन महिने ते.

मग दादानं मानधनाचा अर्ज भरला. ज्या कार्यालयात गेले तिथं पुरावा मागितला. फडाच्या मालकाचा दाखला? मालक मरून तीस वर्षं झालेली. कार्यक्रमाची जाहिरात, फोटो, वर्तमानपत्रातलं कात्रण? नाच्याचं कात्रण कोण छापतं. तात्यानं पिशवीतून घुंगरं काढून टेबलावर ठेवली. टेबलामागचा माणूस म्हणाला, ही कुणाचीपण असतील, बाबा. तात्यानं ती परत पिशवीत भरली. वाजू नयेत म्हणून मुठीत धरून भरली, असं दादाच सांगतो. तीन खेपा झाल्या आणि चौथीला तात्या म्हणाला, मी येत नाही.

मे महिन्यात मी पंधरा दिवस गावी होतो. तात्या पुन्हा गप्प झाला होता, पारावरही जात नव्हता. मी भोसरीहून 'नटरंग'ची स्वतःची प्रत आणली होती. म्हटलं, ज्या सिनेमानं याला आशा लावली त्याचं मूळ तरी याला ऐकवू. तात्या दुसरीपर्यंत शिकलेला. रोज जेवणं झाली की सोप्यावर दिव्याखाली मी वाचायचो, तो भिंतीला टेकून तंबाखू मळत ऐकायचा.

पहिल्याच रात्री म्हणाला, "आपल्याच बोलीत लिवलंय की रं." त्याला ते फार आवडलं. मधेमधे मला थांबवायचा. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, थंडीत तर गणाच्या आधी दोनदा शेकायला लागायची, हे सांगायचा. गौळणीत मावशी कोण करायचा, बतावणीत कुठल्या गावात कुठला पाटील उठून गेला. अकरा वर्षांचं त्यानं मला त्या रात्रींत सांगितलं, पुस्तकाच्या आडोशानं. पुस्तक नसतं तर सांगितलं नसतं.

गुणावर हात टाकतात तिथवर आलो तेव्हा तात्या म्हणाला, "बास."

मी म्हटलं, थोडंच राहिलंय, तात्या.

"म्होरचं ठावं हाय." उठला आणि म्हशीला वैरण टाकायला गेला. म्हशीपुढं वैरण होतीच.

मी त्याला पुढं काही विचारलं नाही. पुन्हा पुस्तकही उघडलं नाही. चार वर्षांनी तात्या गेला.

तर भांडण हे आहे. दादा म्हणतो, सिनेमानं तात्याला तीन महिने मान वर करून चालू दिलं आणि तुझ्या पुस्तकानं त्याला परत गोठ्यात पाठवलं. ज्यानं भोगलंय त्याला तेच पुन्हा वाचून दाखवणं हा दुष्टपणा आहे. मी म्हणतो, सिनेमानं जी शाल दाखवली तिच्यामागं तात्या त्या कार्यालयापर्यंत गेला आणि घुंगरं मुठीत धरून परत आला. पुस्तकानं त्याला कसलंही आमिष दाखवलं नाही. पुस्तक म्हणालं, तुझ्यावर जे झालं ते झालं, आणि मला ते माहीत आहे. 'म्होरचं ठावं हाय' असं तात्या सिनेमा बघताना म्हणाला नव्हता. सिनेमात त्याला विचारावं लागलं, हे खरं असतंय काय.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: कायद्यानं अधिकार असतो, हक्क विकत घेतलेले असतात, लेखकानं सही केलेली असते. पण शेवट बदलताना दिग्दर्शकानं एक विचारावं, की ज्या माणसांची ही गोष्ट आहे ती थेटरात बसली तर त्यांना हा शेवट ओळखीचा वाटेल का. वाटत असेल तर खुशाल बदला. जब्बार पटेलांनी १९७९ च्या 'सिंहासन' या राजकारणावरच्या सिनेमासाठी अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या एकत्र केल्या, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि आजही तो सिनेमा बघताना कुणाला जोड दिसत नाही, कारण मंत्रालय त्यांनी सोज्वळ केलं नाही.

हे वाचून कुणी असं समजू नये की मला 'नटरंग' वाईट वाटतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. अजय-अतुलची गाणी आमच्याकडे प्रत्येक वरातीत वाजतात आणि 'खेळ मांडला' लागलं की मी अजूनही काम थांबवतो. तो सिनेमा आला नसता तर तात्याची ट्रंक माळ्यावरून खाली आलीच नसती, हेही मला मान्य आहे. दादापुढं मी हे कधी बोललो नाही, इथं लिहितोय. आणि सगळ्या बदललेल्या शेवटांना हे लागू आहे असंही नाही, 'चंद्रमुखी'चं प्रकरण निराळं आहे, तिथं माझं कुणी गुंतलेलं नाही, त्यामुळे माझं मत तुमच्याइतकंच.

तुम्ही काय करावं? पुस्तक आधी वाचा. सिनेमा एकट्यानं बघू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा आणि पडद्याइतकंच त्याच्याकडेही बघा.

घुंगरं दादाकडे आहेत, पुस्तकाची ती प्रत माझ्याकडे. 'बास' म्हणाला त्या पानावर मी घातलेली वैरणीची काडी अजून तिथंच आहे. दादा, पुतण्या मला वाचतो आणि तुला वाचून दाखवतो हे मला ठाऊक आहे. दिवाळीला गावी येतोय. त्या काडीपासून पुढची पानं तात्याला वाचून दाखवायची राहिली, ती तुला वाचून दाखवणार आहे. सोप्यावरच, जेवणं झाल्यावर. मधे उठून गोठ्यात जायचं नाही.