व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचंय? मग हे वाच

एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, स्वप्न जरूर बघ, पण सगळी भिस्त ड्राफ्टवर, म्हणजे तिथले संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यावर, ठेवू नकोस. तिथे दोन फेऱ्यांत मिळून जेमतेम साठेक खेळाडू निवडले जातात, आणि निवड झाली म्हणजे संघात जागा पक्की असंही नाही. उडोनिस हॅस्लेमला २००२ मध्ये कुणीच घेतलं नव्हतं. तो फ्रान्समध्ये एक हंगाम खेळला, मग एनबीएच्या मायामी हीट संघात आला आणि २०२३ पर्यंत तिथेच राहिला. तीन विजेतेपदं मिळवली, तीही रिबाउंड (हुकलेल्या नेमाचा चेंडू पकडणं) आणि बचावाच्या जोरावर! म्हणून आधी ठरव, प्रशिक्षक तुला कोणत्या कामासाठी मैदानात उतरवेल?

नेमबाजी मात्र सगळ्यांनाच लागते. फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएची समोरून ७.२४ मीटरवर, लांबूनच सराव कर. चेंडू हातात येण्याआधीच गुडघे वाकलेले आणि पाय रोवलेले हवेत. चेंडू आल्यावर वाकलास, तर तेवढ्यात बचावपटूचा हात डोळ्यांसमोर येतो. फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या नेमाचा) सराव धाप लागलेली असतानाच कर, सामन्यात तशीच वेळ येते.

झोप आणि घोट्यांचे व्यायाम चुकवू नकोस.

परदेशातला करार मिळाला तर सही करण्याआधी दोन गोष्टी बघच: दुखापत झाल्यास पगार चालू राहतो का, आणि वाद झाल्यास तो फिबाच्या बास्केटबॉल लवादाकडे नेण्याचं कलम आहे का. हे कलम नसेल, तर एजंटला ते घालून घ्यायला सांग.