रुग्णाची सेवा करताना स्वतःची प्रकृती

प्रश्न : माझे वय ५१ आहे. दीड वर्षापूर्वी यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून त्यांचे खाणेपिणे, अंघोळ, औषधे, रात्रीचे उठणे सगळे मीच पाहते. मुलगा आणि सून याच शहरात वेगळे राहतात. माझी कंबर सतत दुखते, झोप पुरी होत नाही, जेवणाची शुद्ध राहत नाही. क्षुल्लक कारणावरून यजमानांवर ओरडते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते. मैत्रीण म्हणते, रोज तासभर योगासने कर. तो तास आणायचा कोठून?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तासभर वेळ काढा असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तो तुमच्या दिवसात शिल्लकच नाही हे पत्रावरून स्पष्ट दिसते. जी कामे तुम्ही रोज करताच, ती करण्याची पद्धत बदलून बराच त्रास कमी होईल. आणि उरलेला त्रास कमी होण्यासाठी घरातल्या इतरांना काही कामे उचलावी लागतील.

कमरेपासून सुरुवात करू. यजमान पलंगावर खाली घसरले की बहुतेक घरांत त्यांच्या काखेत हात घालून वर ओढले जाते. यात ओढणाऱ्याची कंबर भरतेच, शिवाय लुळ्या बाजूच्या खांद्याचा सांधा जागेवरून सरकण्याचा धोका असतो. त्याऐवजी एक जुनी, जाड सुती चादर दुहेरी घडी करून त्यांच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली अंथरून ठेवा; वर सरकवायचे असेल तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून घट्ट धराव्यात आणि गुडघ्यांत किंचित वाकून एकाच वेळी सरकवावे. तुम्ही एकट्या असाल तर ओढण्याच्या भरीस पडू नका. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ती बदलताना त्यांचा पलीकडचा गुडघा दुमडा, खांदा आणि नितंब यांना हात लावून त्यांना आपल्याकडे वळवा, म्हणजे वजन उचलावे लागत नाही. उचलण्या-बसवण्याच्या या पद्धती फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. मुलालाही त्या वेळी समोर उभे करा. कमरेची कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा जाणवत असेल, तर मात्र मलमावर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

झोपेचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण चिडचिडीचे मूळ बऱ्याच अंशी तेथेच असते. रात्री केवळ लघवीसाठी उठावे लागत असेल, तर संध्याकाळनंतरचे पाणी थोडे अलीकडे आणता येईल का, लघवी वाढवणारी गोळी सकाळी देता येईल का, रात्रीपुरता डायपर चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आठवड्यातल्या निदान दोन रात्री मुलाने तुमच्याकडे झोपायला यावे आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावे. दार लावणे महत्त्वाचे आहे. नाहीतर त्यांच्या नुसत्या खोकल्यानेही तुम्ही उठून बसाल. दुपारी ते झोपले की भांडी तशीच राहू देऊन वीस-पंचवीस मिनिटे आडवे व्हा.

जेवणाबाबत एकच नियम करा : त्यांना भरवण्याआधी किंवा त्यांच्याबरोबर जेवायचे, नंतर नाही. नंतर जेवणाऱ्या बाईच्या ताटात उरलेला भात आणि चहाचा कपच येतो. जेवणाला लागूनच घेतलेला चहा अन्नातील लोह शरीराला मिळू देत नाही, म्हणून दोहोंमध्ये तासाभराचे अंतर ठेवा. पाळी जाण्याच्या या वयात हाडांची झीज वेगाने होऊ लागते; नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ, तिच्यावर पिळलेले लिंबू आणि पेलाभर ताक इतके रोज पोटात गेले तरी पुष्कळ आहे. हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानतात आणि मग थकवा नुसत्या आरामाने जात नाही. तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि स्तन, तोंड, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. यजमानांची फाइल जपता तशीच स्वतःचीही एक करा.

व्यायामाचे म्हणाल, तर आठवड्याला १५० मिनिटे दमदार चालणे हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे आणि ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनीही भरते. औषधे किंवा दूध आणायला स्वतः चालत जा. त्या निमित्ताने चार माणसांशी बोलणेही होते.

आता ओरडण्याबद्दल. झटक्यानंतर मेंदूला झालेल्या इजेमुळे काही रुग्ण एकाएकी रडतात, हसतात किंवा चिडतात. त्यात तुमच्या सेवेची कसूर नसते. आणि तुमचा संताप हा प्रेम आटल्याचे लक्षण नाही. दीड वर्ष सुटी न मिळालेल्या कोणत्याही माणसाचे असेच होईल. राग चढू लागला की ते पलंगावर सुरक्षित आहेत याची खात्री करून खोलीबाहेर या आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ लावत पाच-सात श्वास घ्या. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकली, कशातच मन रमेना, तर तो आजार समजून उपचार घ्यावेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि तेथे फोन करा.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. गावी आई एकटी माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आजीचे करते. फोनवर विचारले की ‘माझे बरे आहे’ एवढेच म्हणते. मी काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ‘बरी आहेस का’ या प्रश्नाला आई ‘बरी आहे’ असेच म्हणणार. त्याऐवजी नेमके विचारा : काल किती वाजता झोपलीस, मध्ये किती वेळा उठलीस, आज दुपारी काय जेवलीस, रक्तदाब शेवटचा कधी मोजलास. पैसे पाठवत असाल तर ते आजीच्या औषधांपुरते न ठेवता, गावातल्या एखाद्या बाईला सकाळचे दोन तास मदतीला ठेवण्यासाठी पाठवा. ‘कशाला उगाच खर्च’ असे आई म्हणेल, म्हणून ती व्यवस्था स्वतः जाऊन लावून या. महिन्यातून एक शनिवार-रविवार गावी जा आणि त्या दोन दिवसांत आजीची अंघोळ, कपडे, भरवणे तुम्ही करा. पहिल्या खेपेला आई शेजारीच उभी राहून सूचना देत बसेल. तेव्हा तिला मावशीकडे किंवा माहेरी मुक्कामाला पाठवून द्या.