पुण्याहून शनिवार-रविवारात जाऊन येण्यासारखं, आरमाराचा इतिहास असलेलं समुद्रकाठचं गाव कोणतं?

तुम्ही लिहिलंय की बरोबर आठवीतली मुलगी आहे, सत्तरीतले वडील आहेत, आणि ‘नुसती वाळू नि नारळपाणी नको’. मग डोळे मिटून हर्णै. दापोली तालुक्यातलं बंदर, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

अलिबाग, जंजिरा जवळ पडतात हे खरं. तरी मी हर्णैच सांगेन, कारण शाळेत आपण पेशवाईचा जो इतिहास घोकला तो सगळा घोड्यावरचा. त्याची पाण्याकडची बाजू इथे धक्क्यावर उभं राहिलं की समजते. मुलीला निघण्याआधी थोडी गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर तिला समोर नुसती झाडी वाढलेली एक भिंत दिसेल.

गोष्ट अशी. कान्होजी आंग्रे नावारूपाला आले ते या सुवर्णदुर्गावर. १७२९ मध्ये ते वारले आणि मुलांत भाऊबंदकी लागली. संभाजी आंग्रे एकीकडे, मानाजी दुसरीकडे. संभाजीनंतर तुळाजी आला. तो समुद्रावर कोणाला जुमानेना, पेशव्यांनाही नाही. तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला, आणि एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स जहाजं घेऊन हर्णैसमोर आला. समुद्रातून तोफा सुरू झाल्या, किल्ल्यावरचं दारूकोठार उडालं आणि काही दिवसांत किल्ला पडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गासमोर आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी काही साधुसंत नव्हता. पण घरचं भांडण मिटवायला शेजारच्या दांडग्याला बोलावलं, आणि तो मग किनाऱ्यावरून हललाच नाही, असं माझं तरी मत आहे. शनिवारवाड्यात बसून समुद्र दिसत नाही.

त्या जेम्सच्या बायकोने नवरा गेल्यावर १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक तिकोनी मनोरा बांधला. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, साहेबाच्या जिभेवरून गेलेला. तो मनोरा आजही उभा आहे. मुलीला फोनवर दाखवा, तिचा विश्वास बसणार नाही.

आणखी एकदा पुण्याचा आणि हर्णैचा संबंध आला तो १८०२ मध्ये. ऑक्टोबरात हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरे बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरले, महाडवरून सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आले आणि इथून समुद्रमार्गे वसईला गेले. ३१ डिसेंबरला इंग्रजांशी वसईचा तह झाला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता प्रत्यक्ष बघायचं काय. सुवर्णदुर्गाला होडीने जाता येतं. हर्णैच्या बंदरावरून खासगी होड्या सुटतात, भाव आधी ठरवून घ्या, लाइफ जॅकेट मागून घ्या. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या तटावरचा मारुती नीट बघा. तटाचा काही भाग मूळ कातळच तासून काढलेला आहे. आत पडके चौथरे, विहिरी आणि झुडपं. सावली कमी, खायला-प्यायला काही नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सुवर्णदुर्ग आहे, पण म्हणून तिथे पायघड्या असतील असं समजू नका. होडीतून उतरताना पाय भिजवावे लागतात, चढताना तोल सांभाळावा लागतो. वडिलांना मी नेणार नाही.

त्यांच्यासाठी किनाऱ्यावरचे किल्ले आहेत. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा, तिघेही जवळजवळ. कनकदुर्गाला तिन्ही बाजूंनी पाणी, काळ्या दगडाचे बुरूज आणि वर दीपगृह. तिथून सुवर्णदुर्ग पूर्ण दिसतो, आणि मधली ती खाडीसारखी पाण्याची पट्टी या चौघांनी कशी आवळून धरली होती ते लगेच ध्यानात येतं. फत्तेगडावर आता वस्ती आहे, लोकांच्या अंगणातून जाताना फोटोंचा सपाटा लावू नका. गोवा किल्ल्याचा तट तिघांत बरा टिकला आहे.

पण हर्णैला जायचं खरं कारण माझ्या लेखी मासळीचा लिलाव. बंदर मेलेलं नाही, हेच तर विशेष. किनारा उथळ म्हणून मोठ्या होड्या लांब नांगरलेल्या असतात. मी पाहिलं तेव्हा माल छोट्या होडीतून आणि पुढे चक्क पाण्यात उतरवलेल्या बैलगाडीतून वाळूवर येत होता, बैलांच्या पोटाला लाटा लागत होत्या. वाळूवर ढीग पडतात: पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी. पुकारणारा ढिगाशी उभा राहून भाव ओरडतो, भोवती कमरेला पदर खोचलेल्या बायका मान किंवा बोट हलवून वाढवतात, आणि आपल्याला आकडा कळेपर्यंत ढीग टोपलीत गेलेला असतो. सकाळी एकदा भरतो, दुपार कलल्यावर पुन्हा. मध्ये उभे राहू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. लिलावात ढीगच उचलावा लागतो, वाटा हवा असेल तर कडेला बसलेल्या मावशींकडे जा आणि उतरला आहात तिथे करून द्यायला सांगा. वडील शनिवार पाळत असतील तर हा बेत रविवारी सकाळी.

वेळ भरती-ओहोटीवर बांधा, घड्याळावर नाही. कोकणात एक सोपा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, दिवसात दोनदा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण दिवस आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मी तरी वाळूवर गाडी घालणार नाही, दरवर्षी कोणाची तरी रुतते. समुद्रात शिरण्याआधी मात्र होडीवाल्याला विचारा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, लिलाव नाही, पावसाळ्यात किल्ल्याची होडीही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मुक्काम हर्णैत नको, मासळीचा वास सगळ्यांना सोसत नाही. जवळच्या मुरूडला राहा. नकाशात नीट बघा, जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, हे दापोलीचं. महर्षी कर्व्यांचं गाव ते हेच. परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेलेला आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवलेला मुलगा पुढे पुण्यात काय करून गेला, हे कर्वे रोडवरून रोज जाणाऱ्या मुलीला सांगायला हरकत नाही. वेळ उरलाच तर आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. तिथून खाली दिसणारा समुद्र वडिलांना आवडेल.

रस्ता: ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड. दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण साडेपाच-सहा तास धरा. एसटीने जायचं तर स्वारगेटहून दापोली आणि पुढे स्थानिक गाडी. परतताना रविवारी अकराच्या आत निघा. उशीर केलात तर मुळशीपासून चांदणी चौकापर्यंत अख्खं कोथरूड तुमच्या पुढे रांगेत असतं.