कोलोनिया देल साक्रामेंतोविषयी प्रथमच लिहिणाऱ्यास

उरुग्वेमधील या शहराचा परिचय लिहिताना आरंभ दगडी गल्ल्यांच्या वर्णनाने करू नये, असे मी सुचवेन. आधी नकाशा उघडून रिओ दे ला प्लाता या रुंद नदीमुखाच्या पलीकडचे ब्युनॉस आयर्स पाहावे. स्पेनच्या त्या बंदरासमोरच 1680 मध्ये मानुएल लोबो याने पोर्तुगालसाठी ही वसाहत वसवली, आणि चांदीच्या चोरट्या व्यापाराला येथे सोयीचे ठाणे मिळाले, हे एकदा लक्षात आले की पुढील शतकभराची ओढाताण आपोआप उलगडते. स्पॅनिशांनी शहर जिंकावे आणि युरोपातील तहाने ते पोर्तुगीजांना परत मिळावे, असे वारंवार घडले. 1750 च्या माद्रिद तहाने ते स्पेनला देऊ केले, पण तो तहच 1761 मध्ये रद्द झाला. अखेर 1777 मध्ये स्पॅनिश सेनानी पेद्रो दे सेवायोस याने ते घेतले, तेव्हा हा प्रश्न मिटला. या सनावळीची गल्लत फार होते, म्हणून प्रत्येक तह स्वतंत्र टिपून ठेवावा.

त्यानंतर रस्त्यांकडे वळावे. स्पॅनिश वसाहतींत चौकटीची आखणी असे, तर येथील जुना भाग जमिनीच्या वळणाने वाढला असून ‘काये दे लोस सुस्पिरोस’ (उसाशांची गल्ली) या गल्लीत पाण्याचा निचरा मधोमध होतो. या गल्लीच्या नावामागच्या दंतकथा एका वाक्यात आटोपाव्यात. त्या रंजक आहेत, पुरावा नव्हेत. 1995 मध्ये युनेस्कोने जुन्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, याचा उल्लेख पुरेसा आहे.