सत्रपरीक्षेनंतरच्या सुट्टीत मैत्रिणीसोबत तीन दिवसांत खानदेशात काय पाहावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही पुण्यात शिकता, पहिल्या सत्राची परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, दुसरे सत्र सुरू होण्याआधी मैत्रिणीबरोबर तीन दिवस खानदेशात फिरायचे आहे, वाहन स्वतःचे नाही, आणि यादीत तोरणमाळ, लळिंगचा किल्ला, उनपदेव, पद्मालय, अमळनेर व अजिंठा अशी सहा ठिकाणे आहेत. ही यादी तीन दिवसांत बसेल का, आणि दोघी मुलींनीच जाणे कितपत योग्य, असे तुम्ही विचारले आहे.

यादी बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवलीच तर तुम्ही खानदेशाऐवजी खानदेशातली बसस्थानके पाहून परत याल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे नकाशावर शेजारी दिसतात खरे, पण जळगावहून नंदुरबारलाच रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, आणि तोरणमाळ तेथून आणखी पुढे, सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. हे मी अनुभवाने सांगते. जळगावच्या विद्यापीठात गणितात एम.एस्सी. करीत असताना वसतिगृहात माझ्या खोलीत रत्नागिरीकडची एक मैत्रीण होती, आणि पहिल्या सत्रानंतर आम्ही दोघींनी जवळपास तुमच्यासारखीच यादी केली होती. पहिल्या दिवशी अमळनेर, दुसऱ्या दिवशी धुळे आणि लळिंग इथपर्यंत ठीक झाले, पण त्या संध्याकाळी तोरणमाळच्या पायथ्याकडच्या गावी पोहोचलो तेव्हा वर जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या सकाळी आम्ही यशवंत तलाव न पाहताच परतलो. दोष आमचाच होता, कारण वेळा आम्ही आधी विचारल्याच नव्हत्या.

तिसऱ्या सत्रानंतर आम्ही शहाणपणा केला आणि एकच तालुका धरला, तो चाळीसगाव. माझे उत्तर तेच आहे : तीन दिवसांपैकी दोन चाळीसगाव परिसराला द्या, तिसऱ्या दिवशी फक्त एक ठिकाण जोडा, आणि बाकीची नावे पुढच्या सुट्टीसाठी ठेवा. चाळीसगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर असल्याने पुण्याहून थेट रेल्वेने येता येते, आणि स्टेशनाजवळ राहण्याची साधी सोय होते. माझे मामा तेथे राहतात म्हणून आमचा तो प्रश्न नव्हता. मामींचा प्रश्न मात्र होता, कारण पहाटे निघू म्हटले तरी त्या ‘जेवण करीसन जा व माय’ म्हणत दारात उभ्या राहत.

गाडीतून उतरल्यावर लगेच डोंगराकडे धावू नका. स्टेशनापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर कलामहर्षी केकी मूस यांचे कलादालन आहे. १९१२ साली जन्मलेला हा पारशी छायाचित्रकार परदेशात शिकून आला आणि १९८९ साली निधन होईपर्यंतची सुमारे पन्नास वर्षे या घराबाहेर जवळपास पडलाच नाही. टेबलावर मांडणी करून त्यांनी टिपलेली निसर्गदृश्ये पाहताना, हा देखावा खोलीत बसून रचलेला आहे, हे सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची ते रोज वाट पाहत, ही गोष्ट गावात प्रत्येक जण सांगतो. ती गोष्ट ऐकून घ्या, पण वेळ छायाचित्रांना द्या.

पाटणादेवी चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत आहे. तेथे एस.टी. जाते, पण फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून परतीची शेवटची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्या. तिन्ही बाजूंनी सातमाळ्याचे डोंगर, मध्ये चंडिकादेवीचे मंदिर आणि खाली ओढा असे हे ठिकाण आहे. येणारे बहुतेक लोक दर्शन घेऊन, डबा खाऊन तासाभरात परत फिरतात. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे पावसाळ्यात पाहण्यासारखे असतात. डिसेंबरमध्ये त्यांची धार बारीक झालेली असते, तेव्हा त्यांच्या आशेने जाऊ नका. डिसेंबरमध्ये जाण्याचे कारण वेगळे आहे.

ते कारण म्हणजे गणिती भास्कराचार्य. त्यांचा जन्म १११४ सालचा, आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड असल्याचे ते सांगतात, आणि ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पाटण, म्हणजे पाटणादेवीजवळचे जुने गाव, याचा दावा मात्र दगडावर कोरलेल्या पुराव्यावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी येथील १२०७ सालचा शिलालेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता; त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील स्थानिक सत्ताधीशांनी त्याला दाने दिली, असे हा लेख सांगतो. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग, म्हणजे कोणी काय द्यायचे हा व्यवहाराचा भाग, त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला द्यायचा, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकाने पळी-पळीभर तेल द्यायचे. माझ्या मैत्रिणीची शिष्यवृत्ती त्या वर्षी आठ महिने रखडलेली होती. हे ऐकल्यावर तिने एवढेच विचारले की तेलाची पळी वेळेवर येत असे का.

तेथून थोडी चढण चढून कान्हेरगडाच्या उतारावरच्या महादेव मंदिरापर्यंत जा. सगळे त्याला हेमाडपंती म्हणतात, पण त्यातला लेख शके १०७५ चा, म्हणजे ११५३ च्या आसपासचा आहे, आणि हेमाडपंत तर त्यानंतर शंभरएक वर्षांनी यादवांचे मंत्री झाले. म्हणजे भास्कराचार्य चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना हे काम चाललेले होते. त्या मंडपाच्या पायरीवर बसून मी मैत्रिणीला ‘लीलावती’तले मोराचे उदाहरण घातले. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येतो आहे. मोर तिरका झेपावतो आणि दोघांनी सारखेच अंतर कापल्यावर त्याला पकडतो. तर बिळापासून किती हातांवर? ती वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, तरी काडीने धुळीत काटकोन त्रिकोण काढून बसली. सत्तावीस हातांतून बिळापासूनचे अंतर वजा केले की सापाची चाल मिळते, तीच मोराची झेप, म्हणजे त्रिकोणाचा कर्ण, हे तिला समजायला थोडा वेळ लागला. पुढे नवाचा वर्ग ८१, बाराचा १४४, बेरीज २२५, त्याचे वर्गमूळ १५, आणि २७ मधून १२ गेले की उरतात तेही १५. उत्तर बारा हात. ते जुळल्यावर तिने मान वर केली, तेव्हा उन्हे डोंगराआड गेली होती आणि आमची शेवटची बसही.

अभयारण्यात बिबट्या आहे, त्यामुळे अंधारात पायी निघण्याचा प्रश्नच नव्हता. मंदिराजवळच्या दुकानदार मावशींनी आम्हाला आपल्याजवळ बसवून घेतले आणि कापूस घेऊन चाळीसगावला निघालेल्या एका शेतकरी जोडप्याच्या टेम्पोत आमची सोय करून दिली. त्या काकूंच्या शेजारी दाटीने बसून आलेला तो तासभर आम्हाला आजही आठवतो, पण तुम्ही त्यावर विसंबू नका. सूर्यास्ताच्या पुरेसे आधी फाटकाबाहेर असा.

दुसरा दिवस पितळखोऱ्यासाठी ठेवा. ही लेणी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण डोंगर दोन्ही जिल्ह्यांचा एकच आहे. पाटणादेवीच्या दरीतून वर जाणारी पायवाट आहे, मात्र वाटाड्या आणि वनखात्याची परवानगी असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आम्ही मामांच्या ओळखीची जीप करून औट्रम घाटाने गेलो आणि वरून पायऱ्यांनी लेण्यांत उतरलो. दोघींसाठी जीप महाग पडते, हे कबूल आहे. तीन दिवसांत खर्च करण्यासारखी ती एकच गोष्ट आहे.

पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली आहेत. खडक ठिसूळ असल्याने दर्शनी भाग बराचसा कोसळलेला आहे, आणि अजिंठा डोळ्यासमोर ठेवून आलेल्या माणसाची पहिल्या पाच मिनिटांत निराशा होते. तसे झाले तर चौथ्या लेण्याच्या पायथ्याशी ओळीने कोरलेल्या हत्तींसमोर जाऊन उभ्या राहा आणि मग दाराजवळचा पाच फण्यांचा नाग शोधा. त्या फण्यांना भोके आहेत. डोंगरातून झिरपणारे पाणी आतल्या आत कोरलेल्या पन्हळीतून त्या भोकांपर्यंत आणलेले होते, म्हणजे पावसाळ्यात नागाच्या पाचही फण्यांतून पाणी उडत असणार. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी गळतीचा बंदोबस्त करता करता तिचे शिल्प करून टाकले! येथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचे कोरलेले आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शेजारच्या चैत्यगृहातल्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातल्या, खांबांवर चित्रांचे अवशेष आहेत. त्यांना हात लावू नका, टॉर्चचा झोतही धरू नका.

त्या रात्री मामांनी शेतावर भरीत केले. डिसेंबरात खानदेशात असून शेतातले भरीत न खाता परत जाणे मला पटत नाही, म्हणून कोणी बोलावले तर संकोच करू नका. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजतात, साले काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर कुटतात, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे घालतात, आणि पुऱ्या किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी माझ्या कोकणी मैत्रिणीला पहिल्या घासाला कडक वाटली. चौथी तिने स्वतः मागून घेतली. खानावळीत खायचे असेल तर शेवभाजी मागवा, पण तिखट कमी करायला आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

तिसऱ्या दिवशी तुमच्या यादीतले अजिंठा घ्यायचे असेल तर जळगावला मुक्काम हलवावा लागेल. तेथून लेणी साधारण ६० किलोमीटरवर आहेत आणि सोमवारी बंद असतात, हे पाहूनच दिवस ठरवा. आम्ही मात्र रेल्वेने भुसावळ गाठले आणि तेथून मुक्ताईनगरकडे गेलो. कोथळीचे मुक्ताईचे मंदिर आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे दगडी मंदिर एका दिवसात आरामात होते. येथले चांगदेव म्हणजे ज्यांना ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या ते योगी; पाटणचा ज्योतिषी चांगदेव वेगळा. माझ्या मैत्रिणीने दोघांना एक करून टाकले होते आणि ते सोडवण्यात आमचा भुसावळपर्यंतचा प्रवास गेला. संगमाखाली हतनूर धरण असल्याने पाणी तलावासारखे पसरलेले असते आणि हिवाळ्यात त्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. दुर्बीण मिळाली तर आणा.

दोघी मुलींनीच जाण्याबाबत म्हणाल, तर दिवसा एस.टी.त आणि गावांत आम्हाला कोठेही त्रास झाला नाही. चौकशा मात्र भरपूर झाल्या. ‘कोणाच्या घरी उतरल्या?’ या प्रश्नाला काही तरी उत्तर तयार ठेवा, कारण ‘लॉजवर’ म्हटले की दोन घरी जेवणाचे आमंत्रण येते. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पहाटे थंडी चांगली असते, तेव्हा स्वेटर घ्या. परतीचे आरक्षण भुसावळहून करा आणि ते पाटणादेवीला निघण्यापूर्वीच करून ठेवा, कारण डोंगराच्या आत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.