विस्कॉन्सिनची काळी जमीन आणि तिच्याखालची रेव

नमस्कार. आपण अमेरिकेतल्या दक्षिण विस्कॉन्सिनच्या रॉक काउंटीत, जेन्सव्हिलजवळ, दोन एकर जागा घेतली आहे, सरकारी मृदा-नकाशावर तिथल्या जमिनीचे नाव ‘वॉर्सॉ’ असे दाखवले आहे, आणि कुंपणाच्या खांबासाठी खड्डा घेताना वर काळी माती व साधारण कमरेइतक्या खोलीवर वाळू आणि गोल गोटे लागले. ही आपल्या महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीसारखीच आहे का, आणि खालच्या रेवेतून पाणी निघून जाऊन भाजीपाला वाळेल का, असे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे सरळ आहे. दुसऱ्याचे उत्तर रेव नेमकी किती खोल आहे यावर ठरते, आणि ती खोली दोन एकरांतही सगळीकडे सारखी नसते. (जमिनीच्या प्रकारांना गावांची नावे देण्याची इथली पद्धत आहे.)

मी मराठवाड्यात वाढलो, त्यामुळे काळा रंग दिसला की ‘भारी जमीन’ असे मनात येणे मला चांगले ठाऊक आहे. इथे आल्यावर पहिली दोन वर्षे मीही तीच चूक करत होतो. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्या काळेपणाचा सेंद्रिय पदार्थाच्या प्रमाणाशी फारसा मेळ नसतो. कित्येक शेतांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपासच सापडतो. वॉर्सॉचा काळा थर मात्र गवताने घडवलेला आहे. इथे हजारो वर्षे माणसापेक्षा उंच वाढणारे प्रेअरीचे गवत होते. त्याची मुळे दोन-दोन मीटर खाली जात, दरवर्षी त्यांतली काही मरत आणि मातीतच कुजत. जंगलात पालापाचोळा वरच्या वर पडून राहतो. गवताळ प्रदेशात सेंद्रिय पदार्थाचा मोठा वाटा जमिनीच्या आत, मुळांच्या रूपाने मिसळतो. म्हणून तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत गडद रंग, रवाळ पोत आणि नांगराखालीही टिकून राहिलेला तीन-चार टक्के सेंद्रिय पदार्थ दिसतो. याच वाळू-रेवेवर शेजारी जिथे ओकचे जंगल होते तिथली जमीन ‘फॉक्स’ नावाने ओळखली जाते, आणि तिचा वरचा काळा थर अगदी पातळ असतो. खालचे द्रव्य तेच, वरची वनस्पती वेगळी, म्हणून जमीन वेगळी.

आता खालची रेव. सुमारे 18 हजार वर्षांपूर्वी हिमस्तराचा एक फाटा, ज्याला ग्रीन बे लोब म्हणतात, आपल्या काउंटीच्या उत्तर भागापर्यंत येऊन थांबला होता. त्याच्या टोकाशी साचलेला जॉन्सटाउन हिमोढ आजही टेकड्यांच्या रांगेसारखा दिसतो. बर्फ वितळताना तिथून दक्षिणेकडे सुटलेल्या प्रवाहांनी वाळू आणि गोटे पसरवून जे सपाट मैदान तयार केले, तेच रॉक प्रेअरी. गोटे गोल आहेत ते पाण्याने घासल्यामुळे. त्यावर पोयट्याचा, म्हणजे बारीक वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या मिश्र मातीचा, पातळ थर बसला, आणि त्या पोयट्यातच आपली माती घडली.

खड्ड्याची भिंत पाण्याने ओली करून पाहिलीत तर हे थर सहज ओळखता येतील. वर काळा पोयटा. त्याखाली तपकिरी, किंचित लालसर, बोटांना चिकटणारा थर, कारण पावसाच्या पाण्याबरोबर वरची बारीक चिकणमाती खाली उतरून तिथे साचली आहे. आणि 60 ते 100 सेंटिमीटरच्या दरम्यान एकाएकी वाळू-रेव. ही सीमा सरळ रेषेत नसते. काही ठिकाणी गडद, चिकट मातीच्या जिभा रेवेत हातभर घुसलेल्या दिसतात. त्यांना दूषित माती किंवा जुना भराव समजू नये. रेवेतला चुना जिथे विरघळत गेला आहे तिथे चिकणमाती खाली सरकली आहे. रेवेतले बरेच गोटे डोलोमाइटचे, म्हणजे चुनखडीसारख्या खडकाचे, असल्याने खालचा थर चुनायुक्त आहे, पण वरची माती किंचित आम्लधर्मी असू शकते. म्हणून ‘खाली चुना आहे, वर कशाला’ किंवा ‘शेजारी टाकतो म्हणून आपणही टाकू’ यांपैकी कोणतेही अनुमान न करता आधी मातीचा सामू (pH) तपासून घ्यावा.

पाण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याबाबत सर्वसाधारण समज चुकीचा आहे. खाली रेव असली की वरचे पाणी तिने शोषून घेतले असे आपण मानतो. प्रत्यक्षात पोयट्यातील बारीक छिद्रे पाणी जितक्या जोराने धरून ठेवतात तितका जोर रेवेतल्या मोठ्या पोकळ्यांत नसतो, त्यामुळे वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी सीमेवरच अडते. खाली सलग पोयटा असता तर तेवढे पाणी हळूहळू निथळून गेले असते; इथे मात्र सीमेलगतचे शेवटचे काही सेंटिमीटर पाऊस थांबल्यावरही ओलसर राहतात. कुंडीच्या तळाशी खापराचे तुकडे किंवा खडे घातले की निचरा सुधारतो, ही आपल्या घराघरांतली समजूत याच कारणाने फसवी आहे. मात्र पोयटा तुडुंब भरला की नंतरचे पाणी रेवेतून फार वेगाने खाली जाते आणि पुन्हा वर येत नाही. दुष्काळात खालून ओल चढेल ही आशा या जमिनीत ठेवू नये.

म्हणजे पिकाचे सगळे भांडवल पोयट्याच्या जाडीत आहे. 75 सेंटिमीटर पोयटा साधारण 130 मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकतो. तेवढ्याच जाडीची वाळू-रेव त्याच्या पावभरही देत नाही. जुलैत मका दिवसाला सहा-साडेसहा मिलिमीटर पाणी घेतो, आणि साठ्यातले निम्मे पाणी संपल्यावर पिकाला ताण जाणवू लागतो असे धरले, तर चांगल्या पावसानंतर दहा दिवसांनी पाण्याची वाट पाहावी लागते. इथे वर्षाला 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस व बर्फाचे पाणी पडते आणि ते बारा महिन्यांत विभागलेले असते, म्हणून बहुतेक वर्षी निभावते. हाच पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत पडला असता तर या जमिनीवर बागायतीशिवाय काही साधले नसते. जिथे रेव 30 ते 60 सेंटिमीटरवरच लागते तिथली जमीन ‘लोरेन्झो’ या वेगळ्या नावाने नोंदली जाते, आणि नकाशावरच्या वॉर्सॉच्या पट्ट्यात, विशेषतः उताराच्या कडेला, तिचे तुकडे असू शकतात. उतारावर धूप झाली की पोयटा कमी होतो आणि वॉर्सॉची हळूहळू लोरेन्झो होऊ लागते. म्हणून उताराचा भाग उघडा ठेवू नये.

उत्तम निचऱ्याचा फायदाही मोठा आहे. आपल्या काळ्या रानात पावसानंतर वाफसा येण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते. इथे साधारण पावसानंतर एक-दोन दिवसांत पाय टाकता येतो, आणि वसंतात जमीन लवकर तापते. शेजारच्या सखल जमिनींत जमिनीखाली नळ्या घालून पाणी काढावे लागते, तो खर्च आपल्याला नाही.

भाजीपाल्यासाठी माझा सल्ला असा की एका वेळी पंचवीस मिलिमीटरच्या वर पाणी देऊ नये, नत्र एकदम न टाकता तीन-चार हप्त्यांत द्यावे, आणि वांगी-टोमॅटोच्या ओळींत पेंढ्याचे आच्छादन ठेवावे. नत्राचा मुद्दा केवळ खर्चाचा नाही. रेवेत उतरलेले पाणी थेट भूजलात जाते, आणि तिथे ते गाळण्याचे काम जवळजवळ होत नाही. आपल्याकडे घरगुती विहीर असेल, तर शौचालयाच्या सांडपाण्याचे शोषक्षेत्र तिच्यापासून किती दूर आहे ते पाहा आणि पाण्यातील नायट्रेट वर्षातून एकदा तपासून घ्या. इथली मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम अशी लिहिलेली असते, ती नायट्रेटमधल्या नत्राची आहे; भारतातली 45 ही मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. दोन्ही जवळपास एकच आहेत, त्यामुळे अहवाल वाचताना आकडा कशाचा आहे हे आधी बघावे.

वाफे आखण्यापूर्वी मात्र हातगिरमिटाने दहा-बारा ठिकाणी खाली जाऊन, गिरमिट गोट्यावर करकरेल तिथली खोली कागदावर मांडा. जिथे ती 60 सेंटिमीटरच्या आत येईल तिथे भाजी नको, गवत राहू द्या. जिथे सर्वाधिक खोल असेल तिथे वांगी लावा. तो कागद इथे टाकलात तर पाण्याच्या पाळ्यांचा हिशोब आपण मिळून करू.