आधी भिंगाखाली पाहा, मग औषध: शेततळ्यातील माशांवरचे सूक्ष्म परजीवी

प्रश्न (शिरोळ तालुका): अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडून तीन आठवडे झाले. मासे काठाला अंग घासतात, कल्ल्यांवर चिकट थर आलाय. दुकानदार फॉर्मेलिन आणि मोरचूद एकदम टाका म्हणतो. किती टाकू?

उत्तर: अजून काहीही टाकू नका. अंग घासणे आणि चिकट थर ही तीन-चार वेगवेगळ्या जीवांची लक्षणे आहेत. दुकानदाराने तुमचा मासा पाहिलेला नाही.

लक्षणे असलेले तीन-चार जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यातून तपासणीला आणा. मेलेला मासा उपयोगाचा नाही, कारण मासा मेला की हे जीव अंग सोडून जातात. छातीच्या पराच्या मागे, डोक्याकडून शेपटीकडे, पातळ काचेच्या कडेने थर हलका खरवडायचा. कल्ल्याच्या टोकाचा शितापेक्षा लहान तुकडा कात्रीने घ्यायचा. दोन्हींवर तळ्याच्या पाण्याचा एकेक थेंब आणि वर काच. नळाचे पाणी नको, क्लोरीनने जीव मरतात आणि मेलेला जीव ओळखता येत नाही. आधी १० चे भिंग, मग ४० चे.

बशीसारखा गोल, गरगर फिरत सरकणारा आणि आत घड्याळाच्या चक्रासारखी दातेरी कडी असलेला जीव म्हणजे ट्रायकोडिना. आडवा झाला की तोच टोपीसारखा दिसतो. आपल्याकडे बहुतेक वेळा हाच निघतो. संपूर्ण काचेवर एखाद-दुसरा दिसला तर औषध नको. १० च्या भिंगाखाली जिकडे पाहावे तिकडे गर्दी असेल तरच. शेण आणि उरलेले खाद्य कुजून जीवाणू वाढतात, त्यावर हा पोसतो. त्यामुळे पहिला उपाय शेण बंद, खाद्य निम्मे.

सर्वांगावर सारखी लव, सावकाश लोळणारा मोठा गोळा आणि आत घोड्याच्या नालेसारखे केंद्रक: हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक. पूर्ण वाढलेला जवळपास एक मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही ठिपका दिसतो. नालेसारखे केंद्रक ट्रायकोडिनालाही असते, पण ते रंग दिल्याशिवाय सहसा दिसत नाही. इकचे जिवंतपणीच दिसते. कोवळ्या इकमध्ये मात्र नाल दिसत नाही, तेव्हा दुसरा, तिसरा मासाही तपासा.

चपटा, बदामाच्या पानासारखा, मागे खाच आणि संथ घसरत जाणारा तो चिलोडोनेला. देठावर घंटेसारखे झुबके दिसले तर एपिस्टायलिस; तो पाणी घाण झाल्याची खूण आहे, आधी पाणी सुधारा.

आता मात्रा. फॉर्मेलिन घनमीटरला १५ मिली, आणि घनमीटर काढताना तळ्याचा उतार धरायचा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, उतार दीडास एक (दीड मीटर आडवे, एक मीटर खोल) असेल तर, पाणी १,९७१ घनमीटर असते. लांबी-रुंदी-खोली नुसती गुणली तर २,७०० येते. म्हणजे साडेएकोणतीस लिटरच्या जागी साडेचाळीस लिटर पडते. आणि तळे आज किती भरले आहे? तेही मोजा. गुंठ्यावर मात्रा सांगणाऱ्याचे ऐकू नका.

वेळ याहून महत्त्वाची. दर ५ पीपीएम (दहा लाखांत पाच भाग) फॉर्मेलिन पाण्यातला साधारण १ पीपीएम प्राणवायू खाते. पहाटे, ढगाळ दिवशी किंवा पाणी गर्द हिरवे असताना टाकले तर मासे परजीवीने नव्हे, औषधाने मरतील. ऊन चढल्यावर, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) किंवा पंपाची धार चालू ठेवूनच टाका. कॅनच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते फॉर्मेलिन परत करा, ते जास्त विषारी असते.

इकसाठी एकच मात्रा फुकट जाते. ठिपक्यातला जीव कातडीखाली असतो, तिथे औषध पोहोचत नाही. पाण्यात पोहणारी पिल्लेच मरतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा. मात्रा दुप्पट करून एकदाच टाकणे हा त्यावर उपाय नाही.

मोरचूद आणि फॉर्मेलिन एकत्र कधीच नाही. पावसाच्या पाण्याने भरलेल्या अस्तरित तळ्यात क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) कमी असते; ती ५० पीपीएमखाली असेल तर मोरचूद माशांचाच जीव घेते. क्षारता तपासल्याशिवाय मोरचुदाला हात लावू नका. प्रतिजैविकाचा या जीवांवर परिणाम नाही. मॅलॅकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना बंद आहे, कोणी दिले तरी घेऊ नका.

माझा आग्रह एकच: बीज सोडण्याआधी मिठाचे स्नान. ५० लिटर पाण्यात एक किलो जाडे मीठ, टोपलीतून थोडी थोडी बोटुकली, दोन मिनिटे. बोटुकली उलटी पडू लागली की लगेच बाहेर. हा खर्च फॉर्मेलिनच्या एका कॅनपुढे काहीच नाही, आणि बीजासोबत येणारा परजीवी बराचसा दारातच गळतो.

प्रश्न (गडहिंग्लज): कटल्याच्या कल्ल्यांवर पांढरे दाणे आहेत, तीनदा औषध टाकूनही गेले नाहीत. योजनेतून मदत मिळेल का?

उत्तर: दाणा काचेवर फोडून ४० च्या भिंगाखाली पाहा. न हलणारे बीजाणू आणि प्रत्येकाच्या एका टोकाला दोन कुप्या दिसल्या तर ते मिक्सोबोलस. हा वरच्या ट्रायकोडिना-इकसारखा लवधारी (अंगावर बारीक लव असलेला) जीव नाही. तळ्यात टाकून हे दाणे घालवणारे औषध नाही; चौथ्यांदा पैसे घालू नका. बाधित मासे काढा, गर्दी कमी करा, हंगाम संपला की तळे रिकामे करून तळाचा गाळ काढा, कोरडे होऊ द्या आणि चुना द्या. योजनेचे म्हणाल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. ते प्रकल्पासाठी आहे, औषधाच्या बिलासाठी नाही.